गुडघ्याचीं दोन दारें

हातकणंगल्याच्या स्टेशनावर कोल्हापूरहून मिरजेकडे जाणारी गाडी थांबली कीं, डब्यांत चढणाऱ्या मंडळींत एखादा तरी मनुष्य एका हातानें दांडा आणि दुसऱ्या हातानें सोबत्याचा खांदा धरून पायरी चढतांना दिसतो. पाय मोडलेला नसतो, प्लॅस्टरहि घातलेलें नसतें. चौकशी केली तर उत्तर ठरलेलें असतें : "गुडघा अडकतोय." कोणाचा पाय ऊंसाच्या सरींत मुरगळलेला असतो. कोणी तालमींत पट काढतांना जोडीदाराच्या अंगाखालीं सांपडलेला असतो. कोणी हुपरीस चांदीचे पैंजण घडवीत तीस वर्षें मांडी घालून बसलेला असतो. मिरजेचें वॉन्लेस इस्पितळ १८९४ सालीं सुरू झालें, तेव्हांपासून या लोहमार्गानें दुखणाईतांची जा-ये चालू आहे. त्या काळच्या रोग्यास जगांतील कोणत्याहि इस्पितळांत जें मिळणें शक्य नव्हतें, तें आज कोल्हापूर, सांगली, मिरज या गांवांत मिळतें. तें म्हणजे गुडघा न उघडतां गुडघ्याच्या आंत पाहणें आणि तेथेंच दुरुस्ती करणें.

लोक त्यास "दुर्बिणीचें ऑपरेशन" म्हणतात. नांव सोपें आहे, परंतु तें अर्धीच गोष्ट सांगतें. दुर्बीण हा झाला डोळा. त्या डोळ्यानें आंत जावयाचें कोठून, हत्यारानें जावयाचें कोठून, आणि दोघांची गांठ आंत पडावयाची कशी, हे प्रश्न उरतातच. शस्त्रवैद्याचें निम्में कसब या प्रश्नांच्या उत्तरांत सांठविलेलें असतें. दार दोन बोटें चुकलें तर उत्तमांतली उत्तम दुर्बीणहि आंधळी ठरते. म्हणून येथें दुर्बिणीपेक्षां दारांचाच विचार मुख्यत्वें करावयाचा आहे.

सांगलीजवळ हरिपूर येथें हळद सांठविण्याचीं जमिनींतील पेवें प्रसिद्ध होतीं. २००५ च्या महापुरांत त्यांपैकीं पुष्कळ पेवें नष्ट झालीं. पेवाचें तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढें अरुंद असतें, पोट मात्र प्रशस्त. आंत उतरणाऱ्यास कोपरे चांचपून पाहावे लागतात. ज्यानें पेव पाहिलें असेल त्यास गुडघ्याची रचना समजावयास वेळ लागणार नाहीं. फरक एवढाच कीं, पेवास तोंड असतें. गुडघ्यास निसर्गानें तें ठेवलेलें नाहीं, तें पाडावें लागतें.

मांडीच्या हाडाचीं खालचीं दोन टोकें गोलसर असतात. तीं नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकतात. गोल वस्तु सपाट फळीवर ठेवली तर ती डगमगणार. म्हणून दोहोंच्या मध्यें, आंतल्या आणि बाहेरच्या बाजूस, चंद्रकोरीच्या आकाराची एकेक चिवट गादी निसर्गानें बसविली आहे. इंग्रजी वैद्यकांत तिला मेनिस्कस म्हणतात. सांध्याच्या अगदीं मध्यभागीं फुलीसारखे एकमेकांस छेदणारे दोन अस्थिबंध आहेत. पुढून वाटीचें झांकण आहे, आणि वाटीपासून नडगीपर्यंत एक रुंद, बळकट कंडरा उतरली आहे. या सगळ्याभोंवतीं एक पिशवी असून तिच्या अस्तरांतून थोडासा बुळबुळीत रस पाझरतो. ही पिशवी वाटीच्या वर चार बोटें चढते, दोन्ही बाजूंस गल्ल्यांसारखी पसरते आणि मागें दोन कोपऱ्यांत जाऊन संपते. म्हणजे खोली एक, पण तिला कोनाडे अनेक. कोणत्याहि एका खिडकींतून ती सबंध दिसत नाहीं, आणि येथूनच अडचणीस आरंभ होतो.

दुर्बीण येण्यापूर्वीं एकच मार्ग होता, तो म्हणजे गुडघा चिरून उघडणें. एडिंबरोच्या थॉमस ॲनन्डेल यांनीं १८८३ सालीं एका खाणकामगाराची सुटलेली गादी टांका घालून जागेवर बसविली आणि दोन वर्षांनीं तो वृत्तांत प्रसिद्ध केला. तो धडा पुढें फार जणांनीं गिरविला नाहीं. त्याच शतकाच्या अखेरीस लंडनचे ब्लंड सटन यांच्यासारखा नामांकित शस्त्रवैद्य या गाद्यांस स्नायूंचे निरुपयोगी अवशेष समजत होता. निरुपयोगी वस्तु फाटली तर ती काढून टाकावी, असें साहजिकच ठरलें. पुढचीं पन्नास-साठ वर्षें फाटलेली गादी सबंध काढून टाकण्याचाच प्रघात राहिला. रोगी महिन्या-दोन महिन्यांत चालूं लागे आणि सर्वांचें समाधान होई. १९४८ सालीं टी. जे. फेअरबँक यांनीं गादी काढलेल्या गुडघ्यांचे क्ष-किरण फोटो तपासून दाखविलें कीं, काहीं काळानंतर त्या बाजूची फट अरुंद होते, हाडाची गोलाई चपटी होते आणि कडेस हाडाची धार वाढते. गादी निरुपयोगी नव्हती. अंगाचा भार ती वांटून घेत होती, आणि ती गेल्यावर हाड हाडावर घांसूं लागलें होतें.

या शोधामुळें जुनी शस्त्रक्रिया अडचणींत आली. जेवढा भाग फाटला असेल तेवढाच काढावा आणि बाकीचा राखावा, हें तत्त्व पटलें. पण फाटलेला भाग बहुधा गादीच्या मागच्या टोकास असतो, आणि पुढून चिरलेल्या गुडघ्यांत तो कोपरा धड दिसत नाहीं. मागचा कोपरा दिसावा म्हणून चीर वाढवावी, तर चांगले भाग कापले जातात.

इलाज आला तो वेगळ्याच वाटेनें आणि वेगळ्याच देशांतून. १९१८ सालीं टोकियो येथें केंजी ताकागी यांनीं मूत्राशय तपासण्याची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यांत घालून पाहिली. त्यांची चिंता गादीची नव्हती, क्षयाची होती. गुडघ्याचा क्षय त्या काळीं जपानांत पुष्कळ होता आणि त्यानें सांधा कायमचा आंखडे. जो समाज जमिनीवर बसून जेवतो, बसून लिहितो आणि गुडघे टेकून पाहुण्यास नमस्कार करतो, त्यांत न वांकणारा गुडघा म्हणजे केवळ दुखणें नव्हे. पंगतींतून, घरच्या बैठकींतून तो माणूस उठविला जातो. खुर्चीवर बसणाऱ्या युरोपियनापेक्षां पाटावर बसणाऱ्या मराठी माणसास ही गोष्ट लवकर समजेल. रोग आरंभींच ओळखतां यावा म्हणून ताकागी आंत पाहण्याच्या नादीं लागले. १९३१ पर्यंत त्यांनीं साडेतीन मिलिमीटर जाडीची दुर्बीण तयार केली आणि सांधा मिठाच्या पाण्यानें फुगवून पाहण्याची रीत बसविली.

युरोपांतहि प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. डेन्मार्कचे नोर्डेनटोफ्ट यांनीं १९१२ सालीं बर्लिनच्या परिषदेंत अशी दुर्बीण दाखविली होती. स्वित्झर्लंडचे बिर्खर यांनीं १९२१ पासून सांध्यांत वायु भरून पाहण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. परंतु हें काम चिकाटीनें पुढें नेलें तें ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनीं. महायुद्धानें टोकियो बेचिराख झाल्यानंतर त्यांनीं दुर्बिणीमागून दुर्बीण घडविली. त्यांतील एकविसावी १९५८-५९ च्या सुमारास जगासमोर आली आणि पुष्कळ वर्षें तीच प्रमाण मानली गेली. तिच्या टोंकास एक चिमुकला विजेचा दिवा असे. तो आंत फुटण्याची भीति असे, यावरून त्या काळच्या शस्त्रवैद्यांचा धीर लक्षांत येईल. ४ मे १९६२ रोजीं बास्केटबॉल खेळतांना गुडघा दुखावलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलाच्या गादीचा केवळ फाटका तुकडा वातानाबे यांनीं दुर्बिणींतून पाहून काढला. सबंध गादी काढण्याच्या प्रघातास तेथून उतार लागला. दोन वर्षांनीं टोरंटोचे रॉबर्ट जॅक्सन टोकियोस गेले, ही विद्या शिकले, आणि त्यांच्याबरोबर ती अमेरिका खंडांत पोहोंचली.

दिव्याची अडचण दूर होण्यांत एका भारतीयाचा वांटा आहे. पंजाबांतील मोगा गांवीं जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे गुरु हॅरल्ड हॉपकिन्स यांनीं कांचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यांतून चित्र वाहून नेतां येतें, हें १९५४ सालीं लंडनहून सिद्ध केलें. अशाच तंतूंतून पुढें प्रकाश नेण्यांत आला, आणि दिवा रोग्याच्या गुडघ्यांतून निघून टेबलाशेजारच्या पेटींत गेला. हॉपकिन्स यांनीं दुर्बिणींतील भिंगांच्या जागीं कांचेच्या लांब कांड्या बसविल्या, तेणेंकरून चित्र स्वच्छ झालें. नंतर दुर्बिणीच्या मागें कॅमेरा आला आणि शस्त्रवैद्याची मान मोकळी झाली. आतां तो पडद्याकडे पाहून काम करतो.

आतां दारांकडे वळावें. श्रोत्यांनीं खुर्चीवर बसून गुडघा काटकोनांत वांकवावा. वाटीच्या खालच्या टोंकापासून नडगीकडे उतरणारी कंडरा अंगठ्यास लागेल. तिच्या बाहेरच्या कडेला अंगठा सरकविला कीं, तो एका मऊ खळग्यांत रुततो. वर मांडीच्या हाडाची गोलाई, खालीं नडगीच्या माथ्याची कड आणि एका बाजूस कंडरा, असा तो लहानसा त्रिकोण आहे. तसाच दुसरा कंडरेच्या आंतल्या बाजूस आहे. हाड नाहीं, मोठी रक्तवाहिनी नाहीं, जाड स्नायु नाहीं. सबंध गुडघ्यास पुढून शिरावयास योग्य अशा जागा या दोनच, आणि त्या प्रत्येकाच्या शरीरावर जन्मापासून आहेत.

रोग्यास बहुधा पाठींत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. मांडीवर रक्त थांबविणारा पट्टा बांधतात आणि पाय टेबलाच्या कडेवरून काटकोनांत लोंबता ठेवतात. चाकू हातीं घेण्यापूर्वीं शस्त्रवैद्य शाईची लेखणी घेऊन कातडीवर वाटीची कड, कंडरेच्या दोन्ही बाजू आणि नडगीचा माथा रेखून घेतो. ही रेघ शोभेची नव्हे. एकदां गुडघा पाण्यानें फुगला कीं हे खळगे बुजतात आणि बोटास कांहीं लागत नाहीं. खुणा आधीं केलेल्या असल्या तरच पुढें दिशा राहते.

पहिलें दार बाहेरच्या खळग्यांत पाडतात. जागा कंडरेच्या कडेस लगटून, नडगीच्या माथ्याच्या सुमारें एक सेंटिमीटर वर. छेद पाऊण सेंटिमीटरच्या आंतबाहेर असतो. टोंकदार पात्याची धार वरच्या बाजूस ठेवण्याची शिस्त आहे, कारण खालीं लगेच गादीची पुढची कड असते आणि धार खालीं असली तर दुरुस्तीस आलेला मनुष्य नवी इजा घेऊन जाईल. छेदांतून एक नळी आंत सारतात. नळींतील सळई बोथट असते. हाडावरची कूर्चा कांचेसारखी गुळगुळीत असते आणि एकदां खरचटली कीं ती पूर्ववत् भरून येत नाहीं. त्यामुळें तीक्ष्ण वस्तु आंत आंधळेपणानें ढकलणें हा मोठाच अपराध समजला जातो. नळी पिशवींत शिरली कीं पाय हळूहळू सरळ करतात आणि नळी वाटीखालून वरच्या खणांत सरकवितात. मग सळई काढून तिच्या जागीं चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण घालतात.

एक सेंटिमीटर, कंडरेस लगटून, या मापांचें एवढें काय मोठें, असें कोणासहि वाटेल. दार खालीं पडलें तर गादी कापली जाते, अथवा दुर्बीण गादीला अडते. वर पडलें तर दुर्बीण हाडाच्या गोलाईवर टेकते आणि गादीचें मागचें टोक, जें पाहावयास आलों तेंच, दिसत नाहीं. दार फार बाहेर सरकलें तर मांडीच्या हाडाचा उंचवटा आडवा येतो. फार मध्यें सरकलें तर कंडरेस छेद जातो आणि वाटीखालच्या चरबीचा गोळा भिंगासमोर पडद्यासारखा लोंबूं लागतो. चुकीच्या दारांतून दुर्बीण जोरानें दाबीत राहणें आणि मग कूर्चेस ओरखडे उठणें, हा नवशिक्यांचा नेहमींचा इतिहास आहे. असा प्रसंग आल्यास जुनें दार सोडून नवें पाडावें असें जाणते शस्त्रवैद्य सांगतात. एक टांका वाढेल, सांधा वांचेल.

आंत गेल्यावर दुर्बीण सरळ पाहत नाहीं. तिचें भिंग बहुधा ३० अंशांनीं तिरपें असतें. दुर्बीण पुढेंमागें न हालवितां नुसती स्वतःभोंवतीं फिरविली कीं दृष्टि वर्तुळांत फिरते. पेवाच्या तोंडाशीं उभें राहून काठीला बांधलेला आरसा फिरवावा आणि कोपऱ्यांतील पोतीं मोजावीं, तशांतला हा प्रकार आहे. पाहण्याचा क्रम ठरलेला असतो : प्रथम वरचा खण, मग वाटीची आंतली बाजू, दोन्ही गल्ल्या, आंतला कप्पा, मधली खांच, बाहेरचा कप्पा. आंतला कप्पा उघडावा म्हणून पाय थोडा वांकवून बाहेरच्या बाजूस ताणतात. बाहेरचा कप्पा उघडण्यास मात्र पायाची घोट दुसऱ्या पायावर टाकतात, म्हणजे थेट अर्धी मांडी घालतात. पंगतीस बसल्यावर आपल्या गुडघ्याचा बाहेरचा कप्पा उघडलेला असतो हें आपल्या गांवींहि नसतें.

दुसरें दार आंतल्या खळग्यांत, आणि हें हत्याराचें दार. पहिलें दार खुणांवरून पाडलें, दुसरें डोळ्यांनीं पाहून पाडतात. खोलींतील दिवे मंद केले कीं आंतील दुर्बिणीच्या उजेडानें कातडी तांबूस कंदिलासारखी उजळते आणि तींतून जाणाऱ्या बारीक शिरा दिसतात. त्या टाळून एक लांब सुई खळग्यांतून आंत घालतात. तिचें टोक पडद्यावर दिसतें. ती गादीच्या जरा वरून जाते आहे काय, फाटलेल्या जागेपर्यंत अडथळ्यावांचून पोहोंचते आहे काय, हें पाहतात. पोहोंचत नसेल तर सुई काढून पुन्हां घालतात. सुईचें भोंक क्षुल्लक असतें, तें चारदां चुकलें तरी चालतें. सुईनें वाट पसंत केल्यावरच तेथें चाकू चालतो. म्हणून आंतल्या दाराचें माप पुस्तकांत नेमकें सांपडत नाहीं. गादी मागें फाटली असेल तर दार खालीं व गादीस लगटून हवें, बाहेरच्या कप्प्यांत काम असेल तर निराळें. दुखण्याची जागा दाराची जागा ठरविते.

मग एका दारांतून डोळा आणि दुसऱ्या दारांतून हात, असे दोघे आंत एका बिंदूशीं मिळतात. बाहेर दोन मुठी एकमेकींपासून दूर, आणि पडद्यावर हत्यार भलत्याच बाजूनें येतांना दिसतें. आरशांत पाहून सुईंत दोरा ओंवण्याचा प्रयत्न केल्यास या कसबाची थोडीशी कल्पना येईल. हत्यारें म्हणजे आंकडी, चिमटा, मोराच्या चोंचीसारखी कात्री आणि कापलेला भाग शोषून घेणारी फिरती सुरी. प्रथम आंकडी जाते. ती गादीस चांचपते, कारण डोळ्यास धड दिसणारी गादी खालून सुटलेली असूं शकते.

या सर्व काळांत मिठाचें पाणी वाहतें असतें. तीन लिटरची पिशवी उंच टांगून, किंवा पंपानें, तें दुर्बिणीच्या नळींतूनच आंत सोडतात. त्यानें खोली फुगलेली राहते, रक्ताचा धुरळा धुतला जातो आणि त्याच्या दाबानें बारीक रक्तस्राव थांबतो. ऑपरेशननंतर गुडघा दिवसभर सुजलेला दिसतो, त्यांत पुष्कळसा भाग या पाण्याचा असतो. घरच्या मंडळींनीं त्यानें घाबरूं नये.

दोन दारांनीं बहुतेक काम भागतें, सर्व नव्हे. मागच्या कोपऱ्यांत हाडाचा सुटा खडा दडलेला असला, किंवा मागचा अस्थिबंध तुटला असला, तर पाठीमागून शिरावें लागतें, आणि येथें प्रकरण नाजूक होतें. गुडघ्याच्या मागच्या लवणींत मध्यभागीं पायाची मुख्य रोहिणी आणि मोठा मज्जातंतु आहे. आंतल्या मागील दाराशेजारून एक शीर आणि तिच्या सोबतीचा मज्जातंतु जातो. बाहेरच्या बाजूस गुडघा वांकविल्यावर दोरखंडासारखी एक कंडरा हातास लागते. तिच्या पाठीमागून जो मज्जातंतु जातो तो दुखावला तर पाऊल वर उचलतां येत नाहीं, चालतांना तें फरफटतें. म्हणून नियम असा कीं, बाहेरचें मागील दार सदैव त्या दोरखंडाच्या पुढें पाडावें. शिवाय गुडघा काटकोनांत ठेवावा आणि सांधा पाण्यानें पूर्ण फुगवावा. वांकलेल्या स्थितींत मागच्या रक्तवाहिन्या पिशवीपासून दूर पडतात आणि फुगलेली पिशवी स्वतःच सुईस सामोरी येते. पायाची एक बैठक आणि थोडें पाणी, एवढ्यानें रोहिणी व चाकू यांत अंतर पडतें. वैद्यकांतील पुष्कळ सुरक्षितता अशाच साध्या युक्तींवर उभी आहे. स्वीडनचे गिलक्विस्ट यांनीं तर कंडरेच्या मधूनच दार पाडून मागच्या कोपऱ्यांत डोकावण्याची रीत बसविली. कांहीं ठिकाणीं ती अजून वापरतात.

पुढच्या दारांसहि एक लहान किंमत आहे आणि ती रोग्यास आधीं सांगितलेली बरी. आंतल्या बाजूनें एक बारीक मज्जातंतु वाटीच्या खालून आडवा जातो. त्याच्या शाखा प्रत्येकाच्या निराळ्या. आंतल्या दाराच्या छेदांत त्यांतील एखादी तुटते आणि व्रणाच्या बाहेरच्या अंगास रुपयाएवढी किंवा तळहाताएवढी जागा बधिर होते. चालण्यास त्याची बाधा नसते, बधिर जागा बहुधा हळूहळू आकसते. पण शेतांत गुडघे टेकून भांगलण करणारी बाई, नमाज पढणारा गृहस्थ किंवा दंडवत घालणारा वारकरी यांस तें जाणवतें, आणि आधीं सांगितलें नसलें तर "ऑपरेशन बिघडलें" असें घरोघर होतें. सांध्यांत पू होण्याचें प्रमाण शंभरांत एकाहूनहि कमी आहे. तथापि ताप, वाढती सूज आणि पोटरी दुखणें या गोष्टी घरीं बसून सोसण्याच्या नव्हेत.

कोल्हापूरच्या बाजूस गुडघ्याचा विषय निघाला आणि कुस्ती आली नाहीं असें होणार नाहीं. पाय मातींत रुतलेला, अंग वळलेलें आणि वरून जोडीदाराचा भार, या स्थितींत मधल्या फुलींतला पुढचा अस्थिबंध तुटतो. "कट्" असा आवाज आल्याचें पुष्कळ पैलवान सांगतात. हा अस्थिबंध तुटल्यावर आपोआप सांधत नाहीं. सरळ चालतां येतें, वळतांना गुडघा दगा देतो. पूर्वीं अशा पैलवानास तालीम सोडून वस्ताद व्हावें लागे. विनेश फोगट हिचा उजवा गुडघा २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकांत आखाड्यांतच निकामी झाला. डावा ऑगस्ट २०२३ मध्यें सरावांत गेला आणि १७ ऑगस्टला मुंबईंत त्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षींच्या ऑगस्टांत, पॅरिस येथें, तिनें तोंवर आंतरराष्ट्रीय कुस्तींत अजिंक्य राहिलेल्या जपानच्या युई सुसाकीस हरवून अंतिम फेरी गांठली. पुढें वजनाच्या नियमानें जें झालें तो गुडघ्याचा दोष नव्हे.

या शस्त्रक्रियेंत मांडीच्या मागील कंडरेचा किंवा वाटीच्या कंडरेचा तुकडा घेऊन नवा अस्थिबंध करतात, आणि दोन्ही हाडांत बोगदे पाडून त्यांत तो अडकवितात. येथें दाराचा प्रश्न पुन्हां उभा राहतो. पूर्वीं नडगींत पाडलेल्या बोगद्यांतूनच गिरमिट वर नेऊन मांडीच्या हाडांतील बोगदा पाडीत. एका बोगद्यानें दुसऱ्याची दिशा बांधली जाई, आणि नवा अस्थिबंध मूळच्या तिरप्या जागेऐवजीं उभा बसे. असा गुडघा पुढें सरकत नसे, पण वळतांना निसटे, आणि पैलवानास वळणेंच तर हवें असतें. या शतकाच्या आरंभापासून अनेकांनीं गिरमिटासाठीं आंतल्या बाजूस खालच्या अंगाला वेगळें दार पाडण्यास सुरवात केली. गुडघा १२० अंशांपर्यंत वांकवून त्या दारांतून बोगदा पाडला कीं, तो मूळ अस्थिबंधाच्या उगमाशीं नेमका नेतां येतो. हाडें तींच, हत्यारेंहि बहुतेक तींच. एक दार बदललें, एवढेंच.

इतकें सांगितल्यावर दुसरी बाजू झांकून ठेवणें बरें नव्हे. दारें लहान झालीं, शस्त्रक्रिया सोपी दिसूं लागली आणि साहजिकच ती नको तेथेंहि होऊं लागली. पन्नाशी-साठी उलटलेल्या, झिजलेल्या गुडघ्यांत दुर्बीण घालून "सांधा धुवून काढण्याची" रीत जगभर पसरली. २००२ सालीं ह्यूस्टन येथें १८० रोग्यांवर परीक्षा झाली. कांहींचा सांधा धुतला, कांहींचा धुवून साफसूफ केला, आणि कांहींच्या कातडीवर नुसते छेद घेऊन टांके घातले. कोणास काय केलें हें रोग्यांस ठाऊक नव्हतें. दोन वर्षांत तिन्ही गटांच्या दुखण्यांत फरक आढळला नाहीं. २०१३ सालीं फिनलंडांत १४६ जणांवर, वयोमानानें फाटलेल्या गादीबद्दल अशीच परीक्षा झाली, आणि वर्षअखेर गादी कापलेले व नुसते छेद घेतलेले सारखेच निघाले. २०१७ सालीं ब्रिटिश वैद्यक नियतकालिकांत नामांकित मंडळींनीं सल्ला दिला कीं, झिजेच्या गुडघ्यास जवळजवळ कोणाच्याहि बाबतींत दुर्बिणीचें ऑपरेशन करूं नये.

तेव्हां घरांतील वडील माणसाचा गुडघा जिना चढतांना दुखतो, एम.आर.आय.च्या फोटोंत "गादी फाटली" असें लिहून आलें आहे, आणि पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली आहे, असें असल्यास घाई करूं नये. त्या वयांत फाटलेली गादी न दुखणाऱ्या गुडघ्यांतहि पुष्कळदां सांपडते. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजन उतरविणें आणि धीर हाच तेथें पहिला उपचार. डॉक्टरांस सरळ विचारावें : हा फाटा मार लागून पडला कीं वयानें, आणि तीन महिने व्यायाम केल्यास कांहीं बिघडेल काय ? चांगला शस्त्रवैद्य या प्रश्नानें रागावत नाहीं. याउलट, मार लागून खरोखर अडकून बसलेला आणि सरळच न होणारा गुडघा, तरुण माणसाची टांक्यानें जुळण्याजोगी गादी, किंवा सांध्यांत झालेला पू, या ठिकाणीं वाट पाहण्यांत तोटा आहे. पू झाला असतां तर या दोन दारांतून धुणें हेंच सांधा वांचविण्याचें साधन असतें आणि तें त्याच दिवशीं व्हावें लागतें.

शस्त्रक्रिया झालेला मनुष्य पुष्कळदां त्याच दिवशीं अथवा दुसऱ्या दिवशीं घरीं येतो. टांके दहा ते चौदा दिवसांनीं निघतात. कातडीवर दोन बारीक रेघा उरतात आणि त्या पाहून शेजारीपाजारी म्हणतात, "एवढंच झालं होय ?" येथेंच घोटाळा होतो. बाहेरची रेघ सारखीच असली तरी आंत काय केलें यावर सर्व अवलंबून आहे. गादीचा फाटका तुकडा नुसता काढला असेल तर मनुष्य दुसऱ्या दिवसापासून पाय टेकून चालतो आणि कांहीं आठवड्यांत कामावर जातो. गादीस टांका घातला असेल तर चार ते सहा आठवडे कुबड्या आणि वांकविण्यावर बंधन, उकिडवें बसणें तर कित्येक महिने वर्ज्य. आणि नवा अस्थिबंध बसविला असेल तर आखाड्यांत उतरण्यास किमान नऊ महिने, कारण ती उसनी कंडरा हाडांत रुजून जिवंत होण्यास तेवढा काळ घेते. चवथ्या महिन्यांत पैलवानास गुडघा अगदीं बरा वाटतो, वस्तादासहि तसेंच दिसतें, आणि जत्रेचें मैदान जवळ आलेलें असतें. कंडरा मात्र त्या सुमारास अजून कच्चीच असते.